लीक लावायची तारीख

वेदरलॉ,
४ मार्च १९६८

प्रिय जॉस,

इकडे मी आणि आई बरे आहोत. तू, पेग आणि पोरगी तिकडे नॉटिंगहॅमला खुशाल असाल. इथे डोंगरावर अजून बर्फ आहे. मोरीतला नळ या महिन्यात दोनदा गोठला आणि दोन्ही वेळा मेणबत्ती घेऊन त्याच्याखाली मीच बसलो. आईचे गुडघे धरतात, पण सोमवारच्या धुण्याला ती कुणाला हात लावू देत नाही. खाण बंद झाली ती झालीच. मी हल्ली रस्त्याच्या कामावर जातो. सव्वीस वर्षं जमिनीखाली काढली, आता दिवसभर डोक्यावर आकाश असलं की उगाच कुणीतरी बघतंय असं वाटतं.

डिसेंबरात बाबांना पोचवल्यावर आपण एकमेकांचा निरोप न घेताच वेगळे झालो. त्याबद्दल आज लिहीत नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. येत्या सप्टेंबरच्या प्रदर्शनात बाबांच्या नावाने लीकची शेवटची एक जोडी मांडायची, असं लीक क्लबच्या कमिटीने ठरवलंय. अध्यक्ष म्हणून एनॉक बेल स्वतः घरी आला. टोपी काढून बसला, आईच्या केकचे तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "आयझॅक थर्लवेलच्या नावाचं कार्ड टेबलावर नाही, तर ते प्रदर्शन कसलं?" बोलताना त्याची नजर सारखी पडवीच्या दाराकडे होती. पडवीत बल्बखाली बाबांच्या वाणाची रोपं आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी खुर्ची सरकवून दारासमोर बसलो.

आता अडचण सांगतो. तुझं लक्ष लहानपणापासून कबुतरांत, लीक म्हणजे तुला नुसती जाड बुंध्याची कांद्याची पात, पण एवढं तुलाही माहीत आहे. जमीन गार असताना लीक लावला की तो धसका घेतो. तेव्हा काही दाखवत नाही, जुलैत दाखवतो. मग बुंधा मनगटाएवढा भरायचा सोडून मधूनच फुलाचा डेंगळा वर येतो, आणि डेंगळा आलेला लीक टेबलावर ठेवायच्या लायकीचा राहत नाही. उशिरा लावला तर सप्टेंबरपर्यंत भरत नाही. मधला जो एक दिवस असतो तो बाबांना दरवर्षी सापडायचा. अकरा कप उगाच नाही आले. मी टेकडीवरच्या माझ्या वाफ्यातून त्यांच्याविरुद्ध सात वेळा दुसरा आलो.

क्लबात तारखेबद्दल कुणी खरं बोलत नाही. पण प्रत्येकाचं खोटं ठरलेलं असतं. एनॉक वीस एप्रिल म्हणाला की सहा मे समजायचं. बाबांचं खोटं मात्र कधी जमेतच धरता आलं नाही. एका वर्षी एप्रिल सांगायचे, दुसऱ्या वर्षी जून. मी पहाटे चारला कामावर जायचो, परत येईपर्यंत, तेही एप्रिलपासून रोज, वाफ्याभोवती जुनी दारं आणि गोणपाटं उभी असायची. पोटच्या पोरापासून लपवायचं म्हणजे काय? मी प्रतिस्पर्धी होतो हे मान्य. तरीसुद्धा.

शेवटच्या आठवड्यात तू त्यांच्या खोलीत अर्धा तास होतास, दार लावून. काही बोलले असतील तर कळव. यंदा ही रोपं फुकट गेली तर इथला बाबांचा वाण संपला. पाकिटाला चिकटपट्टी लाव. पोस्टातली मिसेस प्रिंगल पाकिटं वाफेवर धरते असा मला दाट संशय आहे.

तुझा भाऊ,
राल्फ

*

वेदरलॉ,
२२ एप्रिल १९६८

प्रिय जॉस,

तुझं पत्र मिळालं. पोरीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. आई मजेत आहे. चिकटपट्टी एका कडेने सुटलेली होती. ती तू नीट लावली नव्हतीस की मध्ये कुणी सोडवली, ते कळव.

तारखेबद्दल तू एवढंच लिहिलंस: "अठ्ठावीस मे. याहून जास्त मला विचारू नकोस."

मी हे चारदा वाचलं. अठ्ठावीस मे! अरे, या खोऱ्यातला सगळ्यांत आळशी माणूससुद्धा बारा मेच्या आत लावणी उरकतो. अठ्ठावीसला लावले तर सप्टेंबरात बाबांच्या कार्डापुढे मी काय ठेवू, पातीची जुडी? तुला माझी फजिती करायची असती तर निदान पटेल असं काहीतरी लिहायचं होतंस.

आता विषय निघालाच आहे तर लिहितो. नोव्हेंबरात बाबा अंथरुणावरून सांगत होते आणि मी एकेक रोप कुंडीत बसवत होतो. चाळीस कुंड्या झाल्या. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू गेलास. त्याच संध्याकाळी मी मोजल्या तर चौतीस. उंदीर कुंडीसकट नेत नाहीत. तुझ्या त्या मोठ्या खिशांच्या कोटाबद्दल मी काही बोलत नाही. पण ज्याच्याकडे सहा रोपं आहेत त्याला माझी चौतीस वाया गेलेली बघायला काय हरकत आहे, एवढं मनात येतंच.

आणि तू आईलाही पत्रं लिहितोस की काय? परवा मी वाफा भुसभुशीत करत होतो तर ती मागे येऊन उभी राहिली.

"जमीन गार आहे रे अजून, राल्फ. घाई करू नकोस."

"तुला हे कुणी शिकवलं? जॉसने?"

"मला काय पाय नाहीत?" म्हणाली आणि आत गेली.

याचा अर्थ काय लावायचा? वय झालंय, काहीही बोलते. मी पडवीला कुलूप घातलंय आणि किल्ली गळ्यात ठेवतो. घरातल्या कॅलेंडरवरही काही खूण करत नाही, कारण एनॉकची बायको दर गुरुवारी आईकडे लोकर गुंडाळायला येते.

मी हिशेब केलाय. थर्लवेल माणूस अठ्ठावीस म्हणतो तेव्हा वीस दिवस वजा करावेत. आठ मेला लावतोय. हे तुला सांगायला हरकत नाही, कारण तू तरी माझ्यावर कुठे विश्वास ठेवणार आहेस!

राल्फ

*

वेदरलॉ,
१४ जुलै १९६८

प्रिय जॉस,

तू मागच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. मीही दिलं नसतं.

आई बरी आहे. पाऊस ठीक आहे. मिसेस प्रिंगलचा कुत्रा मेला.

आठ मेला लावले. अकरा दिवस उबदार गेले आणि मला वाटलं, जिंकलो. एकोणीस मेला दुपारपासून गारांचा पाऊस लागला आणि पहाटे सगळा वाफा पांढरा झाला. घरातली ब्लँकेटं, पडदे, माझा रविवारचा कोट, सगळं मी त्यांच्यावर घातलं. एकही रोप मेलं नाही. जून महिन्यात तर अशी तरारली की एनॉक कुंपणावर हनुवटी टेकवून उभा राहायचा. मी दार उभं केलं की तो बाजूच्या फटीला डोळा लावायचा. मला वाटायचं, अठ्ठावीस मे म्हणणाऱ्याला आता बोलवून दाखवावं.

तीस जूनला पहिला डेंगळा दिसला. मी तो चिमटीत धरून बघितला, पात असेल म्हणून. पात नव्हती. आज चौतीसपैकी एकतिसांना आलाय आणि उरलेल्या तिघांचे बुंधे मधून टणक लागतायत. संपलं, जॉस. बाबांच्या कार्डापुढे मांडायला माझ्याकडे काही नाही.

काल मी वाफ्यापाशी बसलो होतो. आई धुण्याची टोपली घेऊन आली. म्हणाली, "सांगितलं होतं तुला."

मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "तुम्ही सगळे मिळून मला येडा बनवता. बाबांनी जॉसला सांगितलं, मला नाही. तीस वर्षं त्यांच्या मागे शेणखत वाहिलं मी. तारीख मात्र त्याला, ज्याला लीक आणि कांदा यातला फरक कळत नाही!"

आईने टोपली खाली ठेवली. "तुझ्या बाबांना तारीख कुठे ठाऊक होती?"

मला आधी वाटलं, तिला भ्रम झालाय. मग तिने सांगितलं. तुला हे सगळं डिसेंबरापासून माहीत आहे, पण मला लिहू दे. मे लागला की तू आणि मी निजलेलो असताना, आणि पुढे मी कामावर गेल्यावर, ती रोज पहाटे मोजे काढून वाफ्यात उभी राहायची. पोटऱ्यांत कळ चढली की परत घरात. ज्या दिवशी चढली नाही त्या दिवशी बाबांना उठवायची. कधी सतरा, कधी तेवीस, गेली तीन वर्षं अठ्ठावीस. अकराही कप तिच्या पायांवर आले. बाबा क्लबात तोंडाला येईल ती तारीख ठोकायचे, कारण आपल्याला आई उठवेपर्यंत काही कळत नाही हे कबूल कसं करणार? आणि मी त्यांच्या खोट्यात तीस वर्षं हिशेब शोधत बसलो.

मी म्हटलं, "मग मला का नाही बोललीस?"

"बोलले की एप्रिलात. तू विचारलंस, कुणी शिकवलं म्हणून."

मग मी दुसरं विचारलं.

"आणि त्या सहा कुंड्या?"

"मी दिल्या जॉसला. त्याच्याकडेही बापाचं काहीतरी असू दे. तू देणार होतास का?"

जॉस, मी दारामागे उभा होतो. त्या दिवशी, बाबांच्या खोलीबाहेर. बाकी काही ऐकू आलं नाही, फक्त एक वाक्य आलं: "राल्फला सांगू नकोस." ते मी गेले सात महिने उराशी धरून बसलोय. मी आईला तेही सांगितलं. ती म्हणाली, "तुझा तो नियम आहे ना! त्यांना भीती होती, तू कप परत करशील."

नियम माझाच. एकोणसाठ साली क्लबातल्या त्या दोन चुलतभावांनी एकमेकांचे लीक वाढवल्याची भानगड झाल्यावर सेक्रेटरी म्हणून मीच लिहिला: लावणीपासून काढणीपर्यंत स्पर्धकाखेरीज दुसऱ्या कुणाचा हात किंवा सल्ला लागला, तर आजवरची सगळी बक्षिसं परत. मतदानाला बाबांचा हात सगळ्यांत शेवटी वर आला होता. मी ते बघितलं होतं आणि तेव्हासुद्धा संशय घेतला होता, फक्त भलताच.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी, कुंड्या मोजल्यावर, मी तसाच क्लबात गेलो आणि कमिटीसमोर सांगितलं की जॉसने रोपं चोरली. मला कुणी पुराव्याचं विचारलं नाही. थर्लवेल थर्लवेलबद्दल सांगतोय म्हटल्यावर कोण विचारणार? तुझं नाव सभासदांच्या वहीतून खोडलं आणि नोटिशीच्या फळीवर लावलं. रोपचोर म्हणून. ते कळवणारं पत्र तुला पाठवायचं काम सेक्रेटरीचं होतं आणि सेक्रेटरीने ते पाठवलं नाही. तुझा कबुतरांतला दोस्त विल्फ हल्ली शर्यतींचे निकाल का कळवत नाही, असं तू आईला विचारलंस म्हणे. हे कारण आहे.

तू माझा राग केलास तर योग्य आहे. पण आता मी करू काय, ते मला सुचत नाही. जॉस चोर नाही म्हणालो तर कमिटी घरी चौकशीला येणार, आणि चौकशीत घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारतात. आईला मी विचारलं, काय सांगशील? ती म्हणाली, "मला आजवर कुणी काही विचारलं नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही." आणि एनॉक एका प्रश्नावर थांबणारा माणूस नाही. तुझं नाव धुवायला गेलो तर बाबांचे अकरा कप जातील, आणि बाबा जाऊन वर्षही झालेलं नाही.

मला राग येतो बाबांचा. माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. मागच्या वर्षी कळलं असतं तर मी कप परत केलेच असते. वर माझी पाठ थोपटून घेतली असती.

हे पत्र वाचून झालं की शेगडीत टाक. पेगलाही दाखवू नकोस.

राल्फ

*

वेदरलॉ,
२२ सप्टेंबर १९६८

प्रिय जॉस,

काल प्रदर्शन झालं. आई बरी आहे, हा कागद भिजला आहे तो चहाने, रडून नव्हे.

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. "कप राहू दे. माझं काय, मी तिथे राहत नाही." ते वाचून मला जास्त वाईट वाटलं. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू सात महिने बाबांचा शब्द पाळलास आणि मला तारीखही खरी सांगितलीस. आपल्या गावात खरी तारीख सांगणारा माणूस जन्माला येईल, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

प्रदर्शनाच्या आधी गुरुवारी सगळ्या सभासदांची सभा असते. मी इतिवृत्त वाचलं, मग खाली बसलोच नाही. एनॉक म्हणाला, "काय राल्फ, बाबांची जोडी काढून आणलीस की नाही? आम्हाला बघू तरी दे."

"जोडी नाही. सगळ्यांना डेंगळे आले. मी आठ मेला लावले."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. डेंगळ्यांमुळे नव्हे. सभेत उभं राहून कुणी खरी तारीख सांगितलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"आणि दुसरं. डिसेंबरात मी सांगितलं होतं की कुंड्या चाळीस होत्या. चाळीस नव्हत्या. चौतीसच होत्या. जॉसने काही नेलं नाही."

एनॉकने चष्मा काढला. "मग चाळीस का सांगितल्या?"

"त्याचा राग होता मला."

"कसला राग?"

"बाबांनी शेवटी त्याला आत बोलावलं. मला नाही."

पहिलं मी ठरवून खोटं बोललो, जॉस. हे शेवटचं मात्र खरंच तोंडातून गेलं.

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "सख्ख्या भावाला चोर ठरवलंस?" आवाज विल्फचा होता. "नऊ महिने मी त्याला पत्र टाकलं नाही. तुझ्यामुळे." तो माझ्या अंगावर आला असता, पण लोकांनी धरलं. एनॉक मात्र नुसता बघत होता. त्याचा अजून विश्वास बसलेला नाही. यात आणखी काहीतरी आहे, असं त्याला वाटतंय. त्याने विचारलं, "तुझ्या आईला बोलवायचं का?" मी म्हटलं, "तिचा यात काय संबंध? मी गुन्हा कबूल करतोय, आणखी काय पाहिजे?" सभासद ओरडले, म्हातारीला कशाला त्रास, आणि तो गप्प बसला. माणसं माझ्यावर इतकी चिडली होती की चौकशी कुणाला सुचली नाही. मला तेच हवं होतं.

मला कायमचं काढून टाकलं. हात सगळ्यांचे वर गेले. वही माझ्यापुढेच होती, तेव्हा ठराव मलाच लिहावा लागला. तुझं नाव पुन्हा घातलं: जोसेफ थर्लवेल, सभासद. अक्षर चांगलं आलं आहे. मग त्याच्याखाली माझं खोडलं, पेन एनॉकपुढे ठेवलं आणि कोट घेऊन बाहेर आलो. फळीवर माझं नाव लावलंय, असं म्हणतात. मी बघायला गेलो नाही.

काल बाबांचं कार्ड एनॉकने रिकाम्या टेबलावर ठेवलं होतं. लोक टोप्या काढून तिथून पुढे जात होते, असं त्याच्या बायकोने आईला सांगितलं. मला आत जायची परवानगी नव्हती. अकरा कप इथे कपाटात आहेत. आई त्यांना पॉलिश करत नाही, पूर्वीही करत नव्हती.

गुरुवारी घरी आलो तेव्हा ती जागीच होती. "काय सांगितलंस त्यांना?"

"कुंड्या चौतीस होत्या म्हणून."

"चाळीस होत्या."

"माहीत आहे मला."

तिने माझा कोट घेऊन खुंटीला लावला. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी तुला सांगायला हवं होतं." एवढंच. पण ते मी मरेपर्यंत पुरवीन.

तर आता तू ये. ख्रिसमसला सुट्टी असेल तर पेगला आणि पोरीला घेऊन ये. आई वाट बघते. विल्फ गाडीच्या वेळेला स्टेशनवर येईन म्हणालाय. गावातून सगळ्यांना हात करत, मधल्या रस्त्याने चालत ये. मी घ्यायला येणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी घरी शेगडी पेटवून ठेवीन. पहिल्याच दिवशी लोकांनी तुला माझ्याबरोबर चालताना बघू नये, एवढंच.

तुझा भाऊ, अजूनही असलो तर,
राल्फ